चोवीस खुर्च्या आणि टेलचं पाणी

कालव्याला पाणी सुटलं की ते दिसायच्या आधी वासानं कळतं. शेतापर्यंत पाणी नेणारी मातीची चारी महिनाभर उन्हात पडून भेगाळलेली असते. तिच्यात पहिलं पाणी शिरतं ते पाण्यासारखं नसतंच. पुढं फेस, फेसावर काटक्या, पुड्यांचे चकचकीत कागद, कुणाच्या तरी चपलेचा तळ, आणि या सगळ्या लवाजम्यामागून तांबूस, झोपेतून उठल्यासारखं पाणी. भेगांमधून किडे बाहेर पळतात, त्यांच्यामागं बगळे पळतात, आणि बगळ्यांमागं आमच्या आळीतली कुत्री. तापल्या मातीला पाणी लागल्याचा वास गावभर होतो. इतरांना त्या वासानं ऊस आठवतो, डाळिंब आठवतं. मला लाज आठवते.

काल तो वास आला. मी व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होतो. वास आल्याबरोबर वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं, कुणी बघत नव्हतं तरी.

आमचं गाव सणसरच्या पुढं, इंदापूरच्या अंगाला. मी बारामतीच्या एका शाळेत तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. हा विषय इतिहासाच्या पेपराच्या शेपटाला बांधलेला असतो, आणि इतिहासात वेळ गेला की मुलं तो तसाच सोडून देतात. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा वाटलं, उरलेलं नागरिकशास्त्र गावाला शिकवू. गावानं माझ्याकडं अशी काही मागणी केली नव्हती.

आमच्या गावाला स्मशानं दोन. गावाचं स्मशान अलीकडं, वेशीबाहेर, वर पत्र्याची शेड, जायला सिमेंटचा रस्ता, बसायला बाकडी. बौद्ध वस्तीचं स्मशान ओढ्यापलीकडं, बाभळीत. उन्हाळ्यात ओढा कोरडा असतो, माणसं चालत जातात. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असतं, तेव्हाही माणसं चालतच जातात, पाण्यातून. अर्जुनरावांची बायको कौसल्याबाई भाद्रपदात गेली तेव्हा तिरडी खांद्यावरून डोक्यावर घ्यावी लागली होती. अर्जुनराव माझे शाळेपासूनचे दोस्त. एसटीत कंडक्टर होते. आता टेलला, म्हणजे चारीच्या अगदी शेवटाला, दोन एकरांत भेंडी आणि घेवडा करतात. मुलगी संगीता बारामतीला नर्स आहे. पाण्यातून बाहेर आल्यावर ते मला एवढंच म्हणाले होते, "सर, जल्मभर लोकांस्नी म्हणलं, पुढं सरका, आत जागा हाय. आज कळलं, आत जागा नसती."

त्या पावसाळ्यानंतर वस्तीनं रस्ता मागितला. ओढ्याला वळसा घालून वरच्या अंगानं जाणारा, म्हणजे ज्ञानदेवतात्यांच्या डाळिंबाच्या बागेतून. तात्या म्हणाले, चार वर्षं पोरागत वाढवलेली झाडं आहेत, तोडणार नाही. गावाचे दोन भाग झाले. ग्रामसभा दोनदा भरली आणि दोन्ही वेळा माईकची वायर तुटून संपली. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचे दोन ग्रुप झाले. मी तटस्थ म्हणून दोन्हींत राहिलो, रोज सकाळी दोन्हीकडं एकच गुलाबाचं फूल पाठवत राहिलो. चौथ्या दिवशी दोन्हीकडून काढलं गेलो. त्या फुलावर तरी गावाचं एकमत झालं.

मग मला ती कल्पना सुचली. सुचली म्हणजे वाचली. जगात काही ठिकाणी म्हणे, अवघड प्रश्न आला की पुढाऱ्यांना बाजूला बसवतात आणि मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकून साधी माणसं निवडतात. त्यांना निवांत बसवतात, सगळ्या बाजू ऐकवतात, जागा दाखवतात आणि मग विचारतात, आता बोला. मी हरखलो. दोन रात्री कागद काळे केले. अर्जुनरावांना वाचून दाखवलं. ते भेंडी तोडता तोडता ऐकत होते.

"म्हंजे भिशी," ते म्हणाले.

"भिशी नव्हे हो. नागरिकांची सभा."

"चिठ्ठी निघती का न्हाय? निघती. मग भिशीच. फकस्त ज्याची निघंल त्याला काय मिळत न्हाय."

सरपंचांनी परवानगी दिली, कारण त्यांना निर्णय घ्यायचा नव्हता आणि कुणीतरी तो टाळायची सन्माननीय सोय आणून देत होतं. हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, माझ्या युक्तिवादाचा विजय झाला.

चैत्राचे दिवस होते. शाळा सुटलेली, व्हरांड्यात खडूचा आणि तापल्या कौलांचा वास. लिंबाचा मोहोर वाऱ्यानं आत येऊन फरशीवर सरकत होता. सोडत म्हटली की चिठ्ठी लहान मुलानं काढायची असा रिवाज आहे. मी म्हटलं, नाही, एक चिठ्ठी अर्जुनरावांनी काढायची, एक तात्यांनी. शाळेच्या पिण्याच्या पाण्याचा हंडा कोरडा करून घेतला होता. दोघं हंड्याच्या दोन बाजूंना बसले. दोन वर्षं एकमेकांशी बोललेले नव्हते, आता हंड्यात एकापाठोपाठ एक हात घालत होते. तात्यांनी एक चिठ्ठी उघडली आणि थांबले. चष्मा पुसला. मग नाव वाचलं, अर्जुनरावांचंच.

अर्जुनराव म्हणाले, "घ्या. तात्यांनीच तिकीट फाडलं माजं."

तात्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मी ते पाहिलं. अजूनही डोळे मिटले की ते मला दिसतं, कारण त्या सबंध उन्हाळ्यात माझ्या हातून जे काही बरं घडलं ते बहुधा तेवढंच.

चोवीस माणसं निघाली. तिघं वस्तीतली. सात बाया. त्यांतली एक हौसाबाई, जी निमगाव केतकीच्या बाजारात भाजी विकते आणि जिनं आयुष्यात ग्रामसभेत पाऊल टाकलं नव्हतं. पहिल्या बैठकीला ती पाटी घेऊनच आली आणि खुर्चीवर न बसता खुर्चीजवळ बसली. म्हणाली, "वर बसलं की मला बोलता येत न्हाय." मी माझ्या नियमांत 'सर्वांनी समान पातळीवर बसावे' असं लिहिलं होतं. त्या नियमाचं काय करावं ते कळेना. शेवटी मीच खाली बसलो, मग उठता येईना, दोघांनी हात दिला.

नियमांचं मला वेडच होतं. त्यांतला सगळ्यांत लाडका नियम फोनचा. बैठक सुरू झाली की सगळ्यांचे फोन फरसाणाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात. डबा टेबलावर, माझ्यासमोर. फोन थरथरला की डबा भुंग्यासारखा गुणगुणायचा आणि मी अभिमानानं त्याच्याकडं बघायचो. लोकशाहीच्या बाहेरचं जग त्या डब्यात कोंडलंय, अशी काहीशी माझी समजूत होती.

पहिल्या बैठकीत आम्ही ओढा पाहिला. कोरड्या पात्रात चोवीस माणसं उभी होती. एकानं विचारलं, पाणी कुठवर येतं? कुणी उत्तर द्यायच्या आत अर्जुनरावांनी आपल्या छातीवर आडवा हात धरला. मग तो हात तसाच धरून पलीकडच्या काठापर्यंत चालत गेले. धुळीतून. पावलांचा आवाज येत होता.

दुसऱ्या बैठकीत तात्यांना बाजू मांडायला बोलावलं होतं. ते बागेचं बोलले, झाडांचं बोलले, आणि मग चिडून जे बोलले ते मला वाटतं त्यांना स्वतःलाही बोलायचं नव्हतं. "रस्ता, रस्ता काय लावलंय? स्मशानाला रस्ता हायच की गावात. सिमिटाचा हाय. त्यो सोडून माज्याच बागंवर कुऱ्हाड का?"

हौसाबाई खुर्चीच्या पायाशी बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "मग तितंच का न्हाय नेत त्यास्नी?"

डब्यातला एक फोन वाजून बंद झाला, तो सगळ्या व्हरांड्याला ऐकू आला.

एक जण म्हणाला, "नगं कोण म्हणतंय?"

दुसरा म्हणाला, "आमी कुठं अडवलंय?"

अर्जुनराव सावकाश म्हणाले, "अडवलं न्हाय. खरं हाय. आजवर कुणी येऊ नका म्हणलं न्हाय." जरा थांबले. "कुणी या बी म्हणलं न्हाय."

मी शिक्षक. मला फळा दिसला की लिहावंसं वाटतं. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: गावाला एकच स्मशान असावे काय? आणि जाहीर केलं की येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता या प्रश्नावर उत्तर द्यायचं. एकेकानं. तोंडानं, सर्वांदेखत. त्या आठवड्यात गाव कसं झालं होतं ते मला सांगता येत नाही. पारावर आवाज खाली गेले होते. लोक मला बघून रस्ता बदलत होते. मला वाटलं, विचार करतायत. मी खूष होतो.

आता माझी चूक सांगतो. या भागात लग्नाची तारीख धरताना लोक मुहूर्त नंतर बघतात, आधी पाण्याची पाळी बघतात. कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला, कोणाच्या शेतात पाणी, हे ठरलेलं असतं. आपल्या तासाला आपण दारं धरायला, म्हणजे पाणी वाफ्यांत वळवायला, हजर नसलो तर पाणी पुढं निघून जातं आणि मग महिना-दीड महिना नुसतं आभाळाकडं बघायचं. ही गोष्ट इथलं शेंबडं पोर जाणतं. मी ती पाहिली नाही. म्हणजे पाळीचा कागद पाहिला, त्यावर टेलची पाळी शनिवारी होती, म्हणून रविवार धरला. पण वरच्या अंगाला कुणी ना कुणी दारं जास्त वेळ उघडी ठेवतं, आणि टेलचं पाणी कागदावर लिहिलेल्या दिवशी कधी पोचत नाही, हेही इथं सगळ्यांना ठाऊक असतं. तीस वर्षं मी बारामतीला पगाराच्या तारखांवर जगलो होतो. माझ्या लेखी तारीख म्हणजे तारीख.

रविवारी नऊला एकवीस माणसं आली. तीन खुर्च्या रिकाम्या. तिन्ही वस्तीच्या. तिघांचीही शेतं टेलला.

साडेनऊला डबा गुणगुणू लागला. थांबला. पुन्हा लागला. मी म्हटलं, शिस्त म्हणजे शिस्त. पुन्हा लागला तेव्हा माझा टॉवेल काढून डब्यावर टाकला. तिसऱ्यांदा वाजताना टॉवेलाखालून तो आवाज लांबून पंप चालू असल्यासारखा येत होता.

मग कुणीतरी घसा साफ करून म्हणालं की रस्ताही नको आणि दुसरंही काही नको. ओढ्यावर पूल व्हावा, तशी विनंती वर पाठवावी. सगळ्या व्हरांड्यानं श्वास सोडला. बागेला हात लागत नव्हता. कुणाला 'या' म्हणावं लागत नव्हतं, 'नको'ही म्हणावं लागत नव्हतं. कुणालाच काही करावं न लागणारा असा सुंदर निर्णय मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. वीस हात वर झाले.

हौसाबाईचा झाला नाही. "त्यांच्या खुर्च्या रिकाम्या हायत की सर."

"मावशी, त्यांच्या भल्याचंच आहे. त्यांची संमती आहे असं धरू."

"असं कसं धरायचं?"

टाळ्या पडत होत्या. मी वहीत लिहिलं, 'सर्वानुमते'. आणि उठून, स्वतःच्या हातानं, डस्टर घेऊन फळ्यावरचा प्रश्न पुसला. पांढरी धूळ माझ्या शर्टावर उडाली. ती झटकत झटकत मी डबा उघडला. माझ्या फोनवर अर्जुनरावांचे तीन कॉल होते आणि एक निरोप: सर पाणी आत्ता आलय, दोन तास थांबा, आमी तिघं येतो.

मी तरीही पेढे घेतले. हे मला आजही कळत नाही, पण घेतले, आणि स्कूटरवरून टेलला गेलो. अर्जुनराव पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उभे होते. फावड्यानं एका वाफ्याचं दार फोडायचं, दुसऱ्याचं लिंपायचं. पाणी भेंडीच्या मुळांशी पसरत होतं. मी बांधावरून निर्णय सांगितला. त्यांनी काम थांबवलं नाही.

"सर, माज्या मरणाची मीटिंग," ते म्हणाले, "अन् मीच गैरहजर."

मी म्हटलं, "एकमतानं झालं हो सगळं."

"व्हय? मग माजा हात कुणी वर केला?"

पेढे त्यांनी नाकारले नाहीत. हात चिखलाचा होता म्हणून मी भरवायला गेलो तर म्हणाले, "ठिवा बांदावर." दुसऱ्या दिवशी मी तिकडून गेलो तेव्हा पुडा तसाच होता, मुंग्या लागलेला.

पूल झाला नाही. विनंती वर गेली. वर गेलेल्या विनंत्या जिथं असतात तिथं ती आहे. त्याच पावसाळ्यात अर्जुनरावांचे थोरले भाऊ वारले. मी अंत्ययात्रेला गेलो. म्हणजे ओढ्यापर्यंत गेलो. अलीकडच्या काठावर छत्री धरून उभा राहिलो, कारण मला पोहता येत नाही असं मी स्वतःला सांगितलं. पाणी कमरेच्या वर नव्हतं. मधोमध अर्जुनरावांचा पाय घसरला, तिरडी एका बाजूला कलली, आणि सगळ्यांनी मिळून ती सावरली. मी काठावरून ओरडलो, "जपून!" एवढंच माझं योगदान. माझ्या मागं, वेशीबाहेरच्या शेडचा पत्रा पावसानं ताडताड वाजत होता. आत कुणीही नव्हतं.

गेल्या आषाढात अर्जुनरावांच्या छातीत दुखलं. संगीता त्यांना पुण्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन लगेच करा. अर्जुनराव म्हणाले, उन्हाळ्यात करू. डॉक्टरांना वाटलं, पीक असेल, पैशांची अडचण असेल. संगीतालाही तसंच वाटलं. ती रडली, भांडली. मग एका संध्याकाळी माझ्याकडं येऊन म्हणाली, "सर, तुमचं ऐकतील, तुम्ही विचारा." मी विचारलं.

"ओढ्याला पाणी हाय सर," ते म्हणाले. "ऑपरेशन हाय, काय बी हुतं. माज्यापायी पोरांनी पाण्यात शिरायचं, कुणाचा पाय घसरायचा. उन्हाळ्यात कसं, कोरडं असतंय." आणि मग हसून, "मेलो तरी टायमात मरावं. जल्मभर गाडी टायमात सोडली."

दहा महिने झाले. दहा महिने ते गोळ्या खात, जिना टाळत, बांधावर दर चार पावलांना बसत उन्हाळ्याची वाट बघतायत. काल चारीला पाणी आलं, तो वास आला, आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगतो: हुश्श, ओढा कोरडा आहे. एका मित्राच्या जीवाबद्दल असा विचार करणाऱ्या माणसानं तीस वर्षं मुलांना समता शिकवली.

आज सकाळी वही शोधून काढली. 'सर्वानुमते' वर काट मारली. मारल्यावर कळलं, काट मारायला दोन सेकंद लागतात. मग टेलला गेलो. अर्जुनराव बांधावर बसून वरच्या अंगाला बघत होते. पाण्याचा पत्ता नव्हता. पाळी कागदावर आजची.

मी म्हटलं, "पुन्हा बसू. त्याच चोवीस जणांना बोलावू. तोच प्रश्न. या वेळी दिवस तुम्ही सांगा."

ते म्हणाले, "चोवीस जणांस्नी इचारणार तुमी. बरं हाय. तुमास्नी कोण इचारणार?"

"मी आयोजक. मी मत देत नाही. तटस्थ."

"दोनी ग्रुपवर गुलाब," अर्जुनराव म्हणाले.

ऊन डोक्यावर आलं होतं. मला आठवलं, वेशीबाहेरच्या त्या शेडमध्ये माझ्या आई-वडिलांना, दोघांनाही, अग्नी दिला होता. वडिलांच्या दहाव्याला अर्जुनराव आले होते, शेडच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडं उभे होते. मी त्यांना पाहिलं होतं. आत या असं म्हटलं नव्हतं. तेव्हा आम्ही दोघंही तिशीत होतो, दोस्त होतो, एका ताटलीत भजी खात होतो. मला ते सुचलंच नाही. चोवीस चिठ्ठ्या, फळा, डबा, वही, एवढा सगळा मांड मी मांडला तो बहुतेक यासाठी, की तो एक शब्द मी सोडून दुसऱ्या कुणीतरी उच्चारावा.

मी बोलायला तोंड उघडलं. अर्जुनरावांनी हात वर केला, बस थांबवताना करत तसा.

"मला नगा सांगू. मला ठावं हाय तुमचं. तितं सांगा. समद्यांच्या म्होरं."

"कधी बसायचं?"

"पाणी आल्याबिगर काय सांगू? पाणी आलं की फोन करतो. बुदवारी पुण्याला ऑपरेशन. त्याच्या आदी बसू."

दुपारी हौसाबाईला सांगायला गेलो. ती म्हणाली, "कवा बी बोलवा. पण या टायमाला फळा पुसायला मी बसणार, तुमी न्हाय." तात्यांकडंही गेलो. ते बागेत फुलं विरळत होते. ऐकून घेतलं. म्हणाले, "माजी चिठ्ठी निघाली नव्हती." मी म्हटलं, माझीही नव्हती. मी निघालो तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "अर्जुनाला बुदवारी न्यायचं कुणाच्या गाडीतनं?"

हे लिहिता लिहिता दिवस कलला आहे. शाळेच्या व्हरांड्यात चोवीस खुर्च्या मांडून आलोय. पंचविसावी माझी, रांगेत, टेबलामागं नाही. बोलायचं वाक्य चार वेळा मनात म्हणून पाहिलं. छोटंच आहे. फरसाणाचा डबा घरीच ठेवला आहे. बायकोनं त्यात लगेच चिवडा भरला.

आत्ताच फोन वाजला. पहिल्या घंटेला उचलला.

"सर, पाणी पोचलं," अर्जुनराव म्हणाले. मागं फावड्याचा आवाज येत होता, आणि त्यांचा श्वास, जरा जास्तच मोठा. "रातभर भिजंल समदं. उद्या सकाळी मी मोकळा हाय. तुमी?"